पर्यटक तक्रार करत नाही, पुढच्या किनाऱ्यावर जातो

२०२४ या एका वर्षात गोव्यात १ कोटी ४ लाखांच्या आसपास पर्यटक आले. राज्याची लोकसंख्या पंधरा लाखांच्या घरात, म्हणजे दरडोई जवळजवळ सात पाहुणे. त्यातले बहुतेक समुद्रासाठी येतात. एवढ्या लांबून समुद्रासाठी आलेल्या माणसाच्या पायात पाण्याची रिकामी बाटली किंवा वेफर्सचं पाकीट आलं, तर तो काय करतो? उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे असं वाटतं: त्याला किळस येते, तो चार शब्द बोलतो आणि विसरून जातो. पण गेली पंचवीस-तीस वर्षं जगभरचे संशोधक किनाऱ्याकिनाऱ्यावर जाऊन हा प्रश्न खोदून बघतायत, आणि उत्तर इतकं सरळ नाही. मी पेडणे तालुक्यात, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर राहतो. वाचलेलं आणि रोज डोळ्यांसमोर दिसणारं यांचा मेळ घालत गेलो, तसं एक गोष्ट पक्की होत गेली. आपल्याकडच्या पंचायती, शॅकवाले, हॉटेलवाले एका समजुतीवर विसंबून आहेत, की पर्यटक नाराज झाला तर तो सांगेल.

तो सांगत नाही. तो निघून जातो.

दक्षिण आफ्रिकेत केप टाउनच्या आसपासच्या किनाऱ्यांवर येणाऱ्या लोकांना संशोधकांनी विचारलं होतं, तुम्ही किनारा कशावरून निवडता? २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्वच्छता सगळ्यांत वर आली. पुढचा प्रश्न जास्त टोकदार होता: किती कचरा दिसला तर परत येणार नाही? किनाऱ्याच्या दर मीटर लांबीत दहाहून जास्त मोठ्या वस्तू पडलेल्या असतील तर परदेशी पाहुण्यांपैकी ४० टक्के आणि देशातल्या पर्यटकांपैकी ६० टक्के लोक म्हणाले, आम्ही पुन्हा येणार नाही. यातला दुसरा आकडा नीट बघा. ‘फॉरेनरला घाण चालत नाही, आपल्या लोकांना चालते’ हे वाक्य कळंगुटपासून पाळोळ्यापर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. केप टाउनमध्ये नेमकं उलट निघालं. मला त्याचं कारण असं दिसतं, की देशातल्या माणसाला पर्याय ठाऊक असतात. कोल्हापूरच्या कुटुंबाला गोवा नकोसा झाला तर तारकर्ली आहे, गणपतीपुळे आहे, गोकर्ण आहे. गाडीचं तोंड वळवलं की झालं.

ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर असाच अभ्यास झाला आणि तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस मीटरला पंधराहून जास्त वस्तू पडलेल्या असतील तर तो किनारा आम्ही टाळू, असं ८५ टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं. बहुतेकांचा बेत शेजारच्या दुसऱ्या किनाऱ्यावर जायचा होता. त्यावरून संशोधकांनी हिशोब मांडला, की तिथल्या पर्यटनाच्या उत्पन्नात ३९ टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते.

आता कुणी म्हणेल, विचारल्यावर माणूस एक बोलतो आणि वेळ आली की दुसरंच करतो. शंका रास्त आहे. तिचं उत्तर दक्षिण कोरियातल्या गोजे बेटावर मिळालं. २०११ च्या जुलैत तिथे मुसळधार पाऊस झाला आणि पुराच्या पाण्याबरोबर आलेला प्रचंड कचरा बेटाच्या किनाऱ्यांना येऊन लागला. आदल्या वर्षी तिथे ८ लाख ९० हजार लोक आले होते. त्या वर्षी आले ३ लाख ३० हजार. म्हणजे ६३ टक्क्यांची घट, आणि ही तोंडी नव्हे, प्रत्यक्षातली. त्या कचऱ्यात बेटावरच्या खानावळवाल्याचा किंवा लॉजवाल्याचा काही दोष नव्हता. तो वरून, नदीच्या पाण्याबरोबर आला होता. पण रिकाम्या खोल्या त्यांच्याच वाट्याला आल्या.

गोव्यात अशी एकदम घट दिसत नाही, उलट आकडे चढतेच आहेत, म्हणून आपण गाफील राहतो. आपल्याकडे दिसते ती सरक. कळंगुट-बागा भरला तेव्हा निवांतपणा शोधणारे लोक हणजुणे, वागातोरला गेले. तिथून मोरजी, आश्वे, मांद्रे. तिथून हरमल, मग केरी. आता कित्येक जण तेरेखोल नदी ओलांडून महाराष्ट्रातल्या रेडी, शिरोड्याकडे वळतात. या सरकण्यामागे गर्दी आहे, खोल्यांची भाडी आहेत, २०२३ मध्ये सुरू झालेला मोपाचा विमानतळ आहे. सगळं कचऱ्यावर ढकलता येणार नाही. पण ‘आम्हाला स्वच्छ बीच हवाय, गर्दीचा नको’ हे वाक्य टॅक्सीवाल्यांना विचारा, रोज ऐकतात.

इथे एक गोष्ट घडते जी मला सगळ्यांत गंभीर वाटते. ज्याला कचरा खुपतो तो आधी जातो. मागे राहतो तो, ज्याला फारसा खुपत नाही. गेलेल्यांच्या जागी नवे येतात तेही तसेच, कारण ज्यांना खुपतं ते फोटो बघूनच दुसरीकडे बुकिंग करतात. गर्दी तेवढीच राहते, धंदाही चालू राहतो, पण किनाऱ्याबद्दल आस्था असलेली माणसं हळूहळू गळत जातात आणि कचरा झाला तर हटकणारं कुणी उरत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत असं दिसलं, की लोक घराजवळचा घाणेरडा किनारा सोडून लांबच्या स्वच्छ किनाऱ्यावर गाडी घेऊन जातात आणि त्यात त्यांचा वेळ नि पैसा जातो. कचरा पाव हिश्शाने घटला तरी उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत त्या लोकांचे मिळून सुमारे ३ कोटी २० लाख डॉलर वाचतील, असा तिथला हिशोब होता. आपल्याकडे हा हिशोब कुणी मांडत नाही. शॅकवाल्याला फक्त दिसतं, की गेल्या वर्षीचं ते जोडपं यंदा आलं नाही. का आलं नाही ते कुणी कळवत नाही.

जे थांबतात त्यांचं काय? थांबलेल्या माणसालाही किनारा पूर्वीइतका लाभत नाही. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना एकाच किनाऱ्याचे वेगवेगळे फोटो दाखवले: काही स्वच्छ, काहींत कचरा. समुद्र बघून मन निवतं, थकवा जातो, हा नेहमीचा अनुभव कचऱ्याच्या फोटोंत बराच कमी झाला. आणि त्यातही लोकांनी टाकलेला कचरा मच्छीमारीच्या दोऱ्या-जाळ्यांपेक्षा जास्त त्रासदायक वाटला. जाळ्याचा तुकडा समुद्राने आणला असं आपण समजून घेतो. शीतपेयाचा कॅन कुणीतरी इथे बसून प्यायला आणि टाकून गेला, हे कळतं आणि ते जास्त लागतं.

ही प्रतिक्रिया समजण्यासारखी आहे, पण डोळ्याला जे जास्त खुपतं तेच जास्त घातक असतं असं नाही. हरवलेलं किंवा फेकून दिलेलं नायलॉनचं जाळं समुद्रात वर्षानुवर्षं मासे आणि कासवं अडकवत राहतं. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात, त्यांच्या दृष्टीने जाळ्याचा तो ‘नैसर्गिक’ दिसणारा गुंता बाटलीपेक्षा कितीतरी वाईट. पर्यटक मात्र त्याच्या शेजारी बसून फोटो काढतो.

आता या सगळ्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. कचरा बघून नाक मुरडणारा आणि कचरा टाकणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत असं आपण धरून चालतो. पुष्कळदा ती एकच असतात. सकाळी ‘काय घाण करून ठेवलीय’ म्हणणारा संध्याकाळी आपली बाटली तिथेच ठेवून उठतो. त्याला ढोंगी म्हणून मोकळं होता येतं, पण त्याने काही कळत नाही. समजून घ्यायचं असेल तर रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग बघावे लागतील.

चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पार्किंगच्या जागेत गाड्यांच्या वायपरखाली जाहिरातीचे कागद लावून ठेवले. गाडीवाला आला की त्याला तो कागद काढावा लागणार. काढून तो खाली टाकतो की गाडीत ठेवतो, एवढंच लपून बघायचं. जागा झाडून स्वच्छ ठेवली होती तेव्हा १४ टक्के लोकांनी कागद खाली टाकला. त्याच जागेत आधीच कागद-कपटे पसरून ठेवले होते तेव्हा ३२ टक्क्यांनी टाकला. शहर तेच, जागा तीच, लोकही त्याच तऱ्हेचे. फरक एवढाच की जमीन त्यांना काय सांगत होती.

पुढचा प्रयोग मला फार आवडतो. त्यात त्यांनी जमिनीवरचा कचरा एकेका वस्तूने वाढवत नेला. काहीच पडलेलं नसताना १८ टक्के लोकांनी कागद टाकला. एकच वस्तू पडलेली असताना मात्र प्रमाण वाढण्याऐवजी १० टक्क्यांवर आलं! एवढ्या स्वच्छ जागी एकच वस्तू पडलेली बघून माणसाच्या मनात येतं, की इथे कुणी टाकत नाही, हा एकच कोण बरं असा? आणि तो आपला कागद खिशात घालतो. मग वस्तू वाढवत नेल्या तसं प्रमाणही वाढत गेलं आणि आठ वस्तूंपर्यंत ते ४० टक्क्यांच्या पुढे पोचलं. म्हणजे ‘इथे टाकत नाहीत’ आणि ‘इथे टाकतात’ यांच्यामधली रेघ पाच-सात वस्तूंची आहे. ढिगाची गरजच नाही.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात २००८ मध्ये त्याहून पुढची गोष्ट दिसली. सायकलींच्या हँडलला कागद अडकवलेले होते. शेजारची भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी ते रस्त्यावर टाकले. भिंतीवर रंगाने रेघोट्या मारलेल्या असताना ६९ टक्क्यांनी. रेघोट्यांचा आणि कागदाचा काही संबंध नाही. पण एक नियम मोडलेला दिसला की दुसराही मोडायला हरकत नाही असं मन ठरवतं, आणि तेही माणसाच्या नकळत.

हे आपल्या किनाऱ्यावर आणून बघा. आपल्याकडे सफाई सकाळी होते. कामगार दाताळी आणि पोती घेऊन येतात, भरतीच्या रेषेवरचं सगळं गोळा करतात आणि आठ-नऊपर्यंत वाळू लख्ख होते. त्या वेळी किनाऱ्यावर असतात फिरायला आलेले गावकरी, योगासनं करणारे चार पर्यटक आणि कुत्री. या लोकांना स्वच्छ वाळू बघून काही शिकायची गरज नसते. खरी गर्दी चारनंतर सुरू होते आणि सूर्यास्ताला शिगेला पोचते. तोवर दुपारच्या शहाळ्यांच्या स्ट्रॉ, भेळेचे कागद, पाण्याच्या बाटल्या, दोन-चार बिअरच्या बाटल्या पडून ती पाच-सात वस्तूंची रेघ केव्हाच ओलांडलेली असते. म्हणजे सगळ्यांत जास्त माणसं किनाऱ्यावर असतात तेव्हाच वाळू त्यांना सांगत असते, की इथे टाकतात. पहाटे उठून केलेल्या कामाचा जो सगळ्यांत मोठा फायदा, तो कुणी बघायला यायच्या आतच संपून जातो. सफाई कामगारांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. वेळ चुकलेली आहे.

डब्यांचंही तसंच. हरमलला एका संध्याकाळी बघितलेलं सांगतो. कोल्हापूरकडचं एक कुटुंब होतं, बोलण्यावरूनच कळलं. आईने मुलांच्या वेफर्सची पाकिटं, केकचे कागद, पाण्याच्या दोन बाटल्या, सगळं एका पिशवीत गोळा केलं, पिशवीला गाठ मारली आणि शहाळेवाल्याला विचारलं, ‘दादा, डबा कुठं आहे हो?’ त्याने हाताने दाखवलं, ‘तो बघा ताई, माडाकडे.’ डबा काठोकाठ भरून वर शीग आलेली. ती क्षणभर थांबली, मग पिशवी डब्याच्या बुडाशी नीट टेकवून ठेवली आणि मुलांना घेऊन गेली. तिने काय वाईट केलं? काहीच नाही. पण तिच्यामागून आलेल्याने तिची पिशवी बघून आपली ठेवली, त्याच्यामागून आलेल्याने गाठ न मारता ठेवली. अंधार पडायच्या आत तिथे डझनभर पिशव्या जमल्या. मग कुत्री आली, एक गाय आली, उष्टं शोधायला पिशव्या फाडल्या आणि समुद्रावरच्या वाऱ्याने पाकिटं मर्यादवेलीच्या जाळीत नेऊन अडकवली. सकाळी ते बघणाऱ्याला वाटणार, पर्यटकांनी किनाऱ्यावर कचरा फेकला. फेकला कुणीच नव्हता. डबा वेळेत रिकामा झाला नव्हता, एवढंच.

अमेरिकेत १३० सार्वजनिक जागी लोकांचं गुपचूप निरीक्षण केलं तेव्हा दिसलं, की माणूस हातातली वस्तू टाकतो अशा दर शंभर वेळांपैकी सतरा वेळा ती डब्याबाहेर जाते. डबा जितका लांब तितकं हे प्रमाण वाढतं. वाळूत पन्नास पावलं चालणं म्हणजे रस्त्यावरची दोनशे पावलं, हे किनाऱ्यावर डबे ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं. डबे बहुधा वाहनतळाशी असतात, कारण गाडीला तिथून उचलायला सोपे पडतात. उचलणाऱ्याची सोय झाली, टाकणाऱ्याची नाही.

एक तिसरी गोष्ट आहे जी आपण सगळे अगदी सद्भावनेने करतो आणि ती उलटी पडते. ॲरिझोनात पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेत आणि लोक त्यांचे तुकडे खिशात घालून नेतात. चाल्डिनींच्या गटाने तिथे दोन तऱ्हेच्या पाट्या लावून बघितल्या. एका पाटीचा मजकूर होता, आजवर कित्येक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाचं रूप पालटत चाललंय. दुसरीवर फक्त, कृपया तुकडे नेऊ नका. खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी पहिल्या पाटीच्या वेळी जवळजवळ ८ टक्के चोरीला गेले, दुसऱ्या पाटीच्या वेळी २ टक्क्यांहून कमी. ‘कित्येक जण नेतात’ हे वाचून माणसाला लाज वाटत नाही, परवानगी मिळते.

आपल्या व्हॉट्सॲपवर दर जानेवारीत काय फिरतं ते आठवा. बागा किनाऱ्यावरचा नववर्षाचा कचरा, खाली ‘गोव्याची काय दशा झालीय बघा’. संताप खरा असतो, मलाही येतो. पण तो फोटो पुण्यातल्या किंवा बेळगावातल्या एखाद्या पोराला सांगतो, की गोव्यात सगळेच टाकतात. मोरजीला कासवांच्या घरट्यांभोवती वनखात्याने जागा राखलीय आणि तिथे लोक चपला हातात घेऊन लांबून बघतात, हा फोटो कुणी पाठवत नाही. तो पाठवायला हवा.

आता जे दिसतच नाही त्याबद्दल थोडं. पर्यटक ज्यावरून किनारा ‘स्वच्छ’ ठरवतो तो कचरा वीतभर लांबीचा आणि रंगीत असतो. दाताळ्याच्या फटीतून जे सुटतं ते त्याच्या हिशोबात येत नाही. सिगारेटचं थोटूक घ्या. त्यातला फिल्टर कापसाचा वाटतो, प्रत्यक्षात तो सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या तंतूंचा असतो. १९८६ मध्ये टेक्सासमध्ये सुरू झालेल्या आणि आता दर सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणाऱ्या किनारा सफाईत लोक गोळा केलेल्या वस्तू मोजतातही. त्यात वर्षानुवर्षं पहिला नंबर थोटकांचा होता. २०१९ च्या मोजणीत पहिल्यांदा खाऊच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकलं.

बाटल्यांची झाकणंही अशीच. बाटलीचं प्लॅस्टिक समुद्राच्या पाण्यापेक्षा जड असतं आणि झाकणाचं हलकं. झाकण निघालेली बाटली पाणी भरून तळाला जाते, झाकण तरंगत राहतं आणि लाटांबरोबर वर येतं. म्हणून पावसाळ्यानंतर भरतीच्या रेषेवर झाकणं ओंजळभर मिळतात आणि बाटल्या मोजक्याच. बाटल्या गेल्या कुठे, हे रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना विचारा. रापण ओढून वाळूवर आली की तारले, बांगडे वेगळे करणाऱ्या हातांना आधी पिशव्या आणि गाळ भरलेल्या बाटल्या बाजूला काढाव्या लागतात.

दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केरी, वागातोर, कळंगुट, कोलवा, मोबोर आणि गालजीबाग या सहा किनाऱ्यांची वाळू चाळून बघितली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्यांना तांदळाच्या दाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या मिळाल्या. कारखान्यात बादल्या, पिशव्या बनवण्याआधी कच्चा माल म्हणून असतात त्या. यातल्या बऱ्याचशा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात समुद्रावरून आलेल्या होत्या. गालजीबागसारख्या निवांत किनाऱ्यावरही त्या मिळाल्या, जिथे पर्यटक ‘किती स्वच्छ!’ म्हणतो. तेव्हा किनाऱ्यावरचं सगळंच प्लॅस्टिक पर्यटकाच्या माथी मारणं चुकीचं आहे. काही समुद्र आणतो, काही मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्या आपल्याच गावांतून वाहून आणतात. पर्यटकाच्या हातात जे आहे ते संध्याकाळच्या वाळूवर पडतं तेवढं, आणि तेही कमी नाही.

मग उपाय कशाने होतो? दंडाने थोडासा. २०१९ मध्ये पर्यटनस्थळांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि उघड्यावर दारू पिणं, बाटल्या फोडणं, चूल मांडून स्वयंपाक करणं यासाठी एकट्या माणसाला २ हजार आणि गटाला १० हजार रुपये दंड ठरला. रक्कम तेव्हाही मोठीच होती. पण दंड चालतो तो रकमेवर नाही, पकडलं जाण्याच्या खात्रीवर. हजार माणसांत एकाला पकडलं तर उरलेल्यांना ते नशीब वाटतं.

बंदीने आणखी थोडं. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लॅस्टिकचे कप, ग्लास, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ बंद झाले. पण पाण्याची बाटली आणि वेफर्सचं पाकीट त्या यादीत नाहीत. बाटलीला भंगारात किंमत येते म्हणून ती कुणी तरी उचलतो. पाकिटाला येत नाही. त्यात प्लॅस्टिकचे थर आणि मध्ये धातूचा पातळ मुलामा असतो, ते थर वेगळे करणं परवडत नाही. साळगावच्या प्रकल्पात २०१६ पासून कचऱ्यावर प्रक्रिया होते, पण ज्याचं काहीच होत नाही असं प्लॅस्टिक शेवटी कर्नाटकातल्या सिमेंट भट्ट्यांत जाळायला पाठवावं लागतं. त्यातही किनाऱ्यावरचं प्लॅस्टिक ओलं, खारट आणि वाळूने भरलेलं असतं, म्हणजे सगळ्यांत त्रासाचं.

मला सगळ्यांत जास्त आशा वाटते ती अनामत रकमेची. कल्पना जुनीच आहे. सोड्याची काचेची बाटली घरी न्यायची तर दुकानदार पैसे ठेवून घ्यायचा आणि बाटली आणून दिली की परत द्यायचा. तमिळनाडूत निलगिरी जिल्ह्यात जंगलात दारूच्या बाटल्या फुटून हत्तींचे पाय कापले जात होते. मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारू दुकानांत बाटलीमागे १० रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली आणून दिली की १० रुपये परत. विकलेल्यांपैकी बहुतांश बाटल्या परत यायला लागल्या आणि योजना पुढे इतर जिल्ह्यांत गेली. जर्मनीत २००३ पासून एकदा वापरून टाकायच्या बाटल्या-कॅनवर अशी अनामत आहे, आज ती २५ सेंट. गोवा सरकारनेही २०२४ मध्ये अशी योजना अधिसूचित केली. ती नीट चालली तर तिचा मोठा गुण हा, की पर्यटकाच्या मनात काय चाललंय याची तिला पर्वाच करावी लागत नाही. त्याने बाटली टाकली तरी दुसरा कुणीतरी ती १० रुपयांसाठी उचलतो, वाळूवर चार-पाचाहून जास्त बाटल्या एका वेळी साठत नाहीत, आणि ती मघाची रेघ ओलांडलीच जात नाही. मात्र बाटली परत घेणारी खिडकी किनाऱ्यावर, शॅकच्या रांगेतच हवी. म्हापशाला जाऊन १० रुपये आणायला कुणी जाणार नाही.

शॅकवाल्यांनाही यात करण्यासारखं आहे आणि काही जण करतात. आमच्याकडे एक जण टेबलावर राखेसाठी नारळाची करवंटी ठेवतो आणि गिऱ्हाईक वाळूत चालायला निघालं की ती हातात देतो, ‘घेऊन जा साहेब, येताना आणा.’ त्याच्या समोरच्या वाळूत थोटकं दिसत नाहीत. पाटी एकही लावलेली नाही.

पुढच्या ग्रामसभेत मी दोन मागण्या मांडणार आहे. सकाळच्या सफाईतले निम्मे कामगार दुपारी साडेतीन ते साडेपाचला कामावर असावेत. आणि ऑक्टोबर ते मे या हंगामात किनाऱ्यावरचे डबे सूर्यास्ताच्या आधी एकदा रिकामे व्हावेत. सफाईच्या ठेक्यात फक्त तासांची अदलाबदल होते, जादा माणूस लागत नाही. केरी, मांद्रे, मोरजीच्या लोकांनी आपापल्या सभेत हेच मांडलं तर ठेका देणाऱ्यांना वेळापत्रक बदलावं लागेल.